हजार मैल आणि दोन जोड मोजे: थंडीतल्या सायकलस्वाराच्या बुटांचा इतिहास

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण म्हणतील, बुटांचा कसला आलाय इतिहास? पण निफाडच्या बाजूला डिसेंबरात पहाटे साडेपाचला ज्यानं सायकल काढलीय, किंवा शिकायला म्हणून टोरांटो, म्युनिक, स्टॉकहोमला जाऊन जो सायकलनं कॉलेज गाठतो, त्याला विचारा. हातमोजे मिळतात, कानटोपी मिळते, जॅकेट मिळतं. पायाची बोटं मात्र विसाव्या मिनिटाला बधिर होतात. मग माणूस दुकानात जातो आणि सगळ्यात जाड बूट विकत घेतो. पुढच्या आठवड्यात पाय पुन्हा गार!

असं का होतं, याचं उत्तर इतिहासात आहे. हे उत्तर माणसाला पाच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. नंतर तो ते पुन्हा पुन्हा विसरला आणि दर वेळी आठवण येईपर्यंत हजारो लोकांची बोटं गेली.

सुरुवात करू एका सायकलस्वारापासून.

गंजका खिळा आणि एक सायकल

साल १९००. कॅनडातलं डॉसन शहर. क्लोंडाइकमध्ये सोनं सापडलं म्हणून जगभरातून लोक इथे लोटले होते. आता बातमी आली, की पलीकडे अलास्काच्या किनाऱ्यावर, नोममध्ये, समुद्राच्या वाळूतच सोनं मिळतंय. सगळ्यांना नोम गाठायची घाई. मध्ये हजार मैलांहून जास्त अंतर, आणि रस्ता म्हणजे गोठलेली युकॉन नदी.

मॅक्स हर्शबर्ग नावाचा एक तरुण होता, वय विशीच्या आसपास. तो जानेवारीतच कुत्र्यांच्या गाडीनं निघणार होता. पण निघायच्या वेळेलाच तो राहत होता त्या हॉटेलला आग लागली. त्या धावपळीत त्याच्या पायात गंजका खिळा घुसला, विष भिनलं आणि पठ्ठ्या कित्येक आठवडे अंथरुणावर पडला. बरा झाला तोवर मार्च उजाडला. आता नदीवरचा बर्फ वितळायच्या आत पोचायचं, तर कुत्र्यांपेक्षा वेगवान काहीतरी हवं. त्यानं सायकल घेतली.

२ मार्च १९०० ला तो डॉसनहून निघाला. बर्फात स्लेजगाड्यांनी पाडलेली अरुंद वाट, तिच्यावरून दोन चाकं सांभाळत जायचं. पुढे शाक्टूलिक नदीत बर्फ फुटून तो पाण्यात पडला, बुडता बुडता वाचला, जवळची सोन्याची पिशवी गेली. शेवटी शेवटी सायकलची साखळी तुटली. तेव्हा त्यानं कोट काठीवर ताणून त्याचं शीड केलं आणि वाऱ्याच्या जोरावर सायकल पुढे नेली. १९ मे ला नोम आलं.

हर्शबर्गनं पुढे हा प्रवास लिहून ठेवला आणि त्यात अंगावरच्या कपड्यांची यादीही दिली. आपल्या कामाची ओळ तिथे आहे. पायात काय होतं? लोकरीच्या जाड मोज्यांचे दोन जोड आणि वर नमद्याचे उंच बूट. बस्स.

नमदा म्हणजे लोकर दाबून, कुटून केलेलं जाड कापड. आपली घोंगडी विणतात. नमदा विणत नाहीत, त्यात तंतू एकमेकांत गुंतून बसतात. आतमध्ये हवेचे लाखो बारीक कप्पे तयार होतात. रबर नाही, लोखंड नाही, घट्ट चामडंसुद्धा नाही. मऊ, ढगळ, दिसायला अगदी गबाळा बूट.

त्याच हिवाळ्यात, त्याच वाटेनं एड जेसन नावाचा आणखी एक जण सायकलवरून नोमला गेला. तो फेब्रुवारीत निघाला होता. त्याला पारा उणे ४४ सेल्सियसच्या आसपास सापडला. बेअरिंगमधलं तेल गोठलं, टायरचं रबर लोखंडी नळीसारखं कडक झालं. यंत्र थंडीपुढे हात टेकतं, अशा ठिकाणी माणसं सायकल चालवत होती.

आता प्रश्न असा, की हे नमद्याचं प्रकरण चालतं कसं?

बूट गरम नसतो

एक गोष्ट आधी पक्की करू. बूट पायाला ऊब देत नाही. बुटाकडे ऊब असतेच कुठे? ऊब तयार होते शरीरात आणि पायापर्यंत ती आणतं रक्त. बुटाचं काम एवढंच, की आलेली ऊब निसटू द्यायची नाही. म्हणून तीन गोष्टी लागतात. पायाभोवती स्थिर हवा हवी. ती कोरडी हवी. आणि रक्ताची वाट मोकळी हवी.

कोरडी का? कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. बाहेरून आलेलं पाणी असो की आतला घाम, पायाला दोन्ही सारखेच वैरी. आणि मोकळी वाट का? थंडी वाजली की शरीर आधी हृदय, फुफ्फुसं सांभाळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. त्यात आपण नाडी करकचून बांधली, तर उरलंसुरलं रक्तही अडतं.

हे सगळं एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो ५३०० वर्षांपूर्वी वारला. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, बर्फात एक गोठलेला देह सापडला. त्याला पुढे ओट्झी असं नाव मिळालं. त्याच्या बुटाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा, वरचा भाग हरणाच्या कातड्याचा. आत झाडाच्या सालीच्या दोरीची जाळी विणलेली, आणि त्या जाळीत वाळलेलं गवत ठासलेलं. चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन शहरात, जिथे आपली ओळखीची बाटा कंपनी जन्मली, तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हे बूट हुबेहूब बनवून डोंगरात घालून पाहिले. उबेच्या बाबतीत ते भरवशाचे निघाले. कारण तेच: गवतात अडकलेली हवा.

उत्तर युरोपातले सामी लोकही हेच करत आले. रेनडियरच्या कातड्याचा ढगळ जोडा आणि आत मोज्याऐवजी खास जातीचं वाळलेलं गवत. रात्री गवत बाहेर काढायचं, पिंजायचं, वाळवायचं, सकाळी पुन्हा भरायचं. अलास्कातल्या मूळ रहिवाशांचे सील आणि कॅरिबूच्या कातड्याचे मकलक त्याच घराण्यातले. त्यांचं सगळं शहाणपण एका वाक्यात मावतं: बूट मोठा ठेवा, आतलं अस्तर रोज वाळवा.

बोटं जातात तेव्हा

बाहेरच्या जगाला मात्र हे मान्य करायला वेळ लागला.

रोआल्ड आमुंडसेन हा नॉर्वेचा संशोधक. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला तो. पण पहिल्या प्रयत्नात तो सपशेल मागे फिरला होता, हे कमी लोकांना माहीत असतं. ८ सप्टेंबर १९११ ला त्याची तुकडी निघाली, पारा उणे ५० च्याही खाली गेला आणि आठवडाभरात सगळे तळावर परत आले. तिघांच्या टाचांना हिमदंश झाला होता. बुटांचं दुखणं जुनंच होतं. स्कीसाठी टणक तळाचे बूट केले होते, पण जास्तीचे मोजे घातले की आत जागा उरत नव्हती. मुक्कामात ते उसवून, मोठे करून पुन्हा शिवण्याचं काम चाललेलं असायचं. ऑक्टोबरमध्ये तुकडी पुन्हा निघाली आणि १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचली. ध्रुव जिंकणाऱ्यांची कुत्री आणि स्की आपल्याला आठवतात. शिवण उसवून बोटांसाठी केलेली जागा कुणाला आठवत नाही.

पुढची गोष्ट मोठी आणि दुःखाची. पहिलं महायुद्ध, फ्रान्स आणि बेल्जियमचे खंदक. १९१४-१५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातल्या वीस हजारांहून जास्त सैनिकांचे पाय निकामी व्हायला लागले. गोळी नाही, बाँब नाही. पाय आधी बधिर, मग सुजलेले, मग निळे-काळे. नाव पडलं 'ट्रेंच फूट'. यासाठी बर्फ पडावा लागत नाही बरं का! तापमान शून्याच्या वर असलं तरी पाय दिवसभर ओला, गार आणि आवळलेला राहिला की पुरे.

इथे आपला एक धागा जोडलेला आहे. सैनिक घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडाची लांब पट्टी गुंडाळायचे. इंग्रज तिला 'पटी' म्हणायचे. शब्द आपल्याकडचाच, पट्टी! हिमालयातल्या लोकांची ही रीत इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलली आणि सगळ्या सैन्याला लागू केली. डोंगरात, कोरड्या हवेत, सैलसर बांधली तर ती उत्तमच. पण खंदकातल्या चिखलात ती दिवसचे दिवस घट्ट आवळलेली राहायची आणि पायाचा रक्तपुरवठा अडवायची. त्याच खंदकांत १९१४ च्या ऑक्टोबरपासून हिंदी सैनिकही उभे होते. त्यांचा हा पहिलाच युरोपी हिवाळा.

यावर उपाय काय निघाला? नवं यंत्र नाही, नवा बूटही नाही. हुकूम निघाले: मोजे दिवसातून अनेकदा बदला, पाय कोरडे करा, देवमाशाचं तेल चोळा, बूट आणि पट्ट्या सैल ठेवा. अधिकाऱ्यांनी सैनिकांच्या पायांची तपासणी करायची. या शिस्तीनं आजाराचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. सामी आजीबाई नातवाला सांगतील तेच सरकारी कागदावर आलं, एवढंच.

तरीही धडा टिकला नाही. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी अमेरिकन सैन्य अडकलं. पारा उणे ३४ सेल्सियसपर्यंत. त्यांच्या पायात 'शूपॅक' नावाचे बूट: खाली रबर, वर चामडं, आत नमद्याचा सुखतळा. कागदावर झकास! पण चालताना पाय घामेजायचा, रबरातून घाम बाहेर जायचा नाही आणि थांबलं की तोच घाम गोठायचा. म्हणजे बाहेरचं पाणी अडवणाऱ्या बुटानं आतलं पाणीही कोंडलं. समोरच्या चिनी सैनिकांच्या पायात तर कापडी बूट होते. त्यांचे हाल याहून वाईट झाले. दोन्ही बाजूंचे हजारो जण हिमदंशानं जायबंदी झाले.

त्यानंतर अमेरिकेनं वेगळा बूट काढला. रबराच्या दोन थरांत लोकर कायमची बंद केलेली, म्हणजे ती ना बाहेरून भिजणार ना आतून. पाय घामानं ओलसर राहील, पण ऊब टिकवणारा थर कोरडाच. हा बूट इतका फुगीर दिसायचा, की सैनिकांनी त्याला 'मिकी माउस' म्हणायला सुरुवात केली. पुढे अतिशीत प्रदेशासाठी त्याची पांढरी आवृत्ती आली. दिसायला हास्यास्पद, पण त्यानं पाय वाचवले.

सायकलचा बूट उलट्या दिशेला का गेला?

आता परत सायकलकडे येऊ. हर्शबर्गकडे मऊ नमदा होता. मग आज आपण दुकानात 'सायकलिंग शूज' मागितले, की पातळ, कडक, चिकटून बसणारं काहीतरी का हातात येतं?

कारण या बुटाचा जन्म उन्हाळ्यातल्या शर्यतींत झाला. शर्यतीतल्या खेळाडूला पायाचा सगळा जोर पेडलवर उतरवायचा असतो. म्हणून तळ कडक. पाऊल हलू नये म्हणून आधी पेडलला पिंजरा आणि वर चामड्याचा पट्टा, तो ओढून घट्ट करायचा. १९८४ मध्ये 'लूक' या स्कीचे बांधे बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीनं बूट पेडलला खटकन अडकवायची सोय आणली. १९८५ मध्ये बर्नार इनोनं ती वापरून टूर द फ्रान्स जिंकली. १९९० च्या सुमाराला शिमानोनं डोंगरी सायकलींसाठी तशी धातूची छोटी खीळ आणली. वेग वाढला, हे खरंच.

पण जुलैतल्या फ्रान्ससाठी केलेला बूट जानेवारीत घातला, तर काय होणार? तळाला स्क्रूची भोकं, तिथे धातू, आणि तो धातू बरोब्बर चवड्याखाली. वर हवा खेळावी म्हणून जाळी. आणि घट्ट बसावा म्हणून बोटं हलवायला जागाच नाही. स्थिर हवा, कोरडेपणा, रक्ताची मोकळी वाट, या तिन्ही गोष्टींत हा बूट नापास. शर्यतीत ते चालतं, पण थंडीला तुमचा सरासरी वेग काय करायचाय?

सायकलवर आणखी दोन अडचणी असतात. चालताना पाऊल दर पावलाला वाकतं, त्यामुळे रक्त खेळतं. सायकलवर मांडी आणि पोटरी राबतात, पाऊल मात्र बुटात जवळजवळ स्थिर. दुसरी अडचण वाऱ्याची. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी अंटार्क्टिकात पाण्यानं भरलेली नळी वाऱ्यात टांगून पाणी किती वेळात गोठतं ते मोजलं आणि १९४५ साली ते काम प्रसिद्ध केलं. 'विंड चिल' हा शब्द आज हवामानाच्या ॲपवर दिसतो, त्यामागे हे काम आहे. आजच्या तक्त्याप्रमाणे पारा उणे १० असताना ताशी २० किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला उणे १८ इतकी थंडी वाजते. सायकलस्वाराला तर वारा नसतानाही वारा असतो. तो स्वतःच तयार करतो.

म्हणूनच खऱ्या हिवाळ्यात सायकल चालवणारे लोक पुन्हा जुन्या वाटेला लागले. १९८७ मध्ये अलास्कात 'इडिटाबाइक' ही बर्फातली सायकल शर्यत सुरू झाली. तिथे मैलोन्मैल सायकल ढकलत चालावं लागायचं. असल्या वाटेवर शर्यतीच्या पातळ बुटाचं काम नाही. पुढे रुंद टायरच्या सायकली आल्या आणि त्यांच्यासोबत आतून अस्तर असलेले, मापानं ऐसपैस असे खास हिवाळी बूटही बाजारात आले. फिनलंडमधल्या औलू शहरात तर बर्फातही मुलं सायकलनं शाळेत जातात. २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद तिथेच भरली. तिथल्या साध्या सायकलस्वाराच्या पायात काय असतं? नेहमीचे हिवाळी बूट, आणि खाली साधं सपाट पेडल.

मग बूट घ्यायचा कसा?

इतिहासाचं सार काढलं, तर दुकानात विचारायचा पहिला प्रश्न 'किती जाड?' हा नाही. 'आत जागा किती?' हा आहे.

बूट बघायला जाताना थंडीत घालणार तेच मोजे घालून जा. बूट घातला की बोटं वर-खाली हलवून बघा. हलली तर बूट बरोबर, नाही तर एक माप मोठा मागा. दोन जोड मोजे घालून बूट घट्ट होत असेल, तर एकच जोड घाला. घट्ट बुटातले दोन मोजे सैल बुटातल्या एका मोज्यापेक्षा थंड असतात. मोजे लोकरीचे घ्या, सुती नको. सुती मोजा घाम पितो आणि ओला राहतो. लोकर दमट झाली तरी थोडीफार हवा धरून ठेवते.

तळाकडे बघा. रोजच्या प्रवासाला सपाट पेडल पुरतं, मग धातूची खीळच नको. खिळीचा बूट वापरायचाच असेल, तर आत नमद्याचा किंवा लोकरीचा सुखतळा टाका. पण त्यानं जागा कमी होते, हे लक्षात ठेवूनच माप घ्या. वाऱ्यासाठी बुटावर एक आवरण चढवा. निओप्रीनचं मिळतं, पण वारा अडवणारं कुठलंही चालेल. ते घट्ट बसून पाय आवळत नाही ना, एवढं तपासा. आणि घोटा उघडा ठेवू नका, पावलाकडे जाणारं रक्त तिथूनच जातं.

पोचल्यावर सुखतळा बाहेर काढून वाळत घाला. पिशवीत एक जोड कोरडे मोजे असू द्या. वाटेत बोटं बधिर झाली, तर उतरून पाच मिनिटं सायकल हातात धरून चाला. बधिर होण्याला सवय समजू नका. तो निरोप असतो.

आणि खरोखर हिमदंश झालाच, तर बर्फ चोळायचा नाही. हा सल्ला नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे या शल्यचिकित्सकाचा. १८१२ च्या रशिया मोहिमेत त्यानं बघितलं, की गोठलेले पाय शेकोटीवर धरले की जास्त बिघडतात. निरीक्षण बरोबर होतं. म्हणून त्यानं बर्फानं चोळायला सांगितलं, आणि तो उपाय दीडशे वर्षं चालला. शेवटी अलास्कातले डॉक्टर विल्यम मिल्स यांच्या कामातून दिसलं, की अंगाच्या तापमानाइतक्या कोमट पाण्यात पाय झटपट गरम करणं चांगलं. तेही पुन्हा गोठणार नाहीत अशा जागी पोचल्यावरच, आणि मग थेट दवाखाना.

मंडळी, जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. थंडीचं दुर्दैव असं, की बोट बधिर झाल्यावर जोडा चावायचाही थांबतो. दुखणं बंद झालं म्हणून आपण खूश होतो आणि नेमकं तेव्हाच नुकसान सुरू झालेलं असतं. खंदकातल्या पोरांना हे सांगायला कुणी तपासणी अधिकारी तरी होता. सायकलवर तुम्ही एकटे असता. तेव्हा सिग्नलला थांबलात की एकदा बोटं हलवून बघा. हलतायत? मग चला पुढे.

कुणी डिसेंबरात पहाटे सायकल काढत असेल, तर हा भाग त्याला नक्की पाठवा. पुन्हा भेटूच. तोवर पाय कोरडे ठेवा!